कागदाच्या खिडक्या

बाईंना दिसेनासं झालंय हे छापखान्यात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि पाच महिने मी ते पोटात ठेवलं. बरं केलं की वाईट, हे आता या वयात मला कुणी शिकवायला येऊ नये.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, आणि एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागलेली. शिकलेल्या मुलीने शाईत हात काळे करायला कशाला जावं, असं आमच्याकडे प्रत्येकाने एकेकदा विचारून घेतलं होतं. आत्याने दोनदा. मला दिवसभर वाचायला मिळत होतं आणि दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळत होता. माझ्या स्वभावाला याहून सोयीची नोकरी सापडली नसती.

बाई तिथे कंपोझिटर होत्या. ज्यांनी शिशाचे खिळे कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका खिळ्याच्या डोक्यावर एक अक्षर, तेही आरशात दिसावं तसं उलटं. असे हजारो खिळे एका उतरत्या लाकडी खोक्यात, लहान लहान खणांमध्ये भरलेले. या खोक्याला केस म्हणत. खणातून एकेक खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या लोखंडी पट्टीत लावायचा. त्यातून शब्द, ओळ, पान. छापून झालं की पान मोडायचं आणि प्रत्येक खिळा बघून परत त्याच्या खणात टाकायचा. बाहेरच्या माणसाला वाटतं, जुळवणं अवघड. तसं नाही. जुळवणं हाताला पाठ होतं. परत टाकायला मात्र डोळे लागतात.

बाईंचं वय बावन्न. उंच, काटकुळ्या, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांचा नवरा याच छापखान्यात मशीनवर होता. तो अचानक गेला तेव्हा मालकांनी बाईंना घडीच्या टेबलावर घेतलं. तिथे बसून छापील कागदांना घड्या घालायच्या, दिवसभर, मान वर न करता. बाईंनी दोन वर्षं घड्या घातल्या, आणि डबा खायच्या सुट्टीत केससमोर उभं राहून कुठल्या खणात कुठलं अक्षर ते पाठ केलं. मग एक कंपोझिटर आजारी पडला आणि एक लग्नपत्रिका अडून राहिली. मी बघू का, म्हणून बाईंनी पट्टी हातात घेतली ती पुढे कधी खाली ठेवली नाही. दोन टेबलं पलीकडून उलटा लागलेला खिळा त्यांना दिसायचा, म्हणून त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना घार म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मला त्या 'एम्ये' म्हणत. पहिल्याच दिवशी माझं प्रूफ घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "एम्ये, हा स्वल्पविराम का काढलास? तो लेखकाचा नाही, माझा आहे." मी तो परत घातला. बरोबर होता.

त्या वर्षी एका प्राध्यापकांचं जाडजूड पुस्तक आमच्याकडे छपाईला आलं होतं. इंग्रजी शब्द कुठून आले, मुळात त्यांचे अर्थ काय होते, हे आपल्या भाषेत समजावून सांगणारं. वीस वर्षं त्यांनी ते पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर लिहून काढलं होतं, आणि अक्षर असं की लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी स्वतः प्राध्यापकांनाही ते लागत नसे.

या पुस्तकाच्या कच्च्या छापांत मला विचित्र चुका सापडायला लागल्या. 'ध'च्या जागी 'घ', 'भ'च्या जागी 'म', इंग्रजी 'ई'च्या जागी 'सी'. हलगर्जी माणसाच्या चुका अशा नसतात. तो अक्षर खातो, ओळ गाळतो, एक शब्द दोनदा लावतो. इथे फक्त दिसायला बहिणी-बहिणी असलेली अक्षरं एकमेकींच्या घरी गेलेली होती. एके दिवशी सगळे डबा खायला गेले तेव्हा मी बाईंच्या केसपाशी गेले आणि 'ध'च्या खणातले चिमूटभर खिळे तळहातावर घेऊन दिव्याखाली धरले. तीनातला एक 'घ' होता. म्हणजे हात चुकत नव्हता. हात बरोबर खणात जात होता, पण खणातच चुकीची अक्षरं पडलेली होती, कारण परत टाकताना बाईंना ती दिसली नव्हती. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते, तिच्यावरून तो उलटा की सुलटा ते बोटाला कळतं. कुठलं अक्षर, ते मात्र ती खाच सांगत नाही.

मागे वळले तर बाई उभ्या.

"कुणाला बोललीस?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं.

"मग बोलू नकोस. त्या टेबलावर मला परत बसवतील. मेल्यावर बसवा म्हणावं."

खोटं नव्हतं. एका कच्च्या छापात दहाच्या वर चुका निघाल्या की तो छाप फोरमनकडे जायचा आणि फोरमनकडून मालकाकडे. कंपोझिटरची नजर गेली की त्याला घडीच्या टेबलावर पाठवायचं, ही तिथली रीतच होती, आणि त्यात कुणाला निष्ठुरपणा वाटत नसे. उलट सांभाळून घेतलं असं वाटे.

मग आम्ही दोघींनी एक उद्योग केला. प्राध्यापकांचं अक्षर कुणालाच लागत नाही, तेव्हा मी कार्डं मोठ्याने वाचते आणि बाई ऐकून जुळवतात, असं मी फोरमनला सांगितलं. त्याने एक कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि लगेच हो म्हटलं. रोज सकाळी दोन तास मी स्टुलावर बसून वाचायची, बाई उभ्याने जुळवायच्या. आणि डब्याच्या सुट्टीत, त्या जेवत असताना, मी गुपचूप त्यांचे खण निवडायची, तांदूळ निवडावेत तसे. सगळे काही निवडून होत नव्हते. पण चुका दहाच्या आत राहू लागल्या.

या वाचनात मजा होती, हे कबूल करते. मौजमजेचे शब्द प्राध्यापकांच्या विशेष जिव्हाळ्याचे. 'रेव्हल' म्हणजे दंगामस्ती करणं, आणि तो शब्द बंड करणं या लॅटिन शब्दातून आला, असं मी वाचलं तेव्हा बाई खिळे उचलता उचलता म्हणाल्या की बरोबर आहे, बंड करणाऱ्या माणसाला आधी भूकच लागते.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला घरी चहाला बोलावलं. एकच खोली, दोन खाटा, मध्ये शिवणाचं मशीन. मशीन नणंदेचं. बाई आणि ही थोरली नणंद, दोघी वीस वर्षं एकत्र राहत होत्या आणि वीस वर्षं भांडत होत्या. मी उंबऱ्यात पाय ठेवला तर बाई चूल बघत होत्या; मान न वळवता म्हणाल्या, ये एम्ये. पावलांवरून ओळखलं.

नणंदबाई मला म्हणाल्या, "हिला सांग काहीतरी. कपात बोट घालून बघते भरला का ते. आमच्या चहाला हल्ली वहिनीच्या बोटाची चव असते."

"वन्सं, तुम्हाला साखर कमी लागते ना, म्हणून," बाई म्हणाल्या.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. बाईंच्या आईचा एक डोळा अधू होता. तो बरा करायला म्हणून तिला दवाखान्यात नेलं आणि ती परत आली ती भावाचा हात धरून, दोन्ही डोळ्यांनी कायमची आंधळी होऊन. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्यामुळे डॉक्टर हा शब्द निघाला की त्या भांडी घासायला उठत. काळ बदलला, औषधं बदलली, हे मी सांगितलं. नणंदबाईंनी माझ्या आधी शंभरदा सांगितलं होतं. बाईंनी दोघींचं ऐकून घेतलं आणि एकच भांडं दोनदा घासलं.

पुस्तक शेवटच्या अक्षरांवर आलं तेव्हा ते कार्ड निघालं. शब्द होता 'वेझगूस'. मीही तो आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होते. मोठ्याने वाचायला लागले तसे मशीनवाला आणि घडीच्या बायकाही कान देऊ लागल्या, कारण कार्ड आमच्याच धंद्याचं होतं.

वेझगूस म्हणजे इंग्लंडातल्या छापखान्याच्या कामगारांची वर्षातून एकदाची मौजमजा. सतराव्या शतकातल्या एका मुद्रकाने ती लिहून ठेवलेली आहे. ऑगस्ट संपत आला की कामगार छापखान्याच्या खिडक्यांना नवा कागद लावत. त्या सुमारास मालक त्यांना स्वतःच्या घरी जेवू घाली आणि वर बाहेर जाऊन प्यायला पैसे देई. दिवस लहान होत जात, म्हणून तिथून पुढे मेणबत्त्यांच्या उजेडात काम सुरू होई. आता यात हा गूस कुठून आला? गूस म्हणजे बदकाचा थोरला चुलतभाऊ. त्या दिवशी तो पक्षी खात असतील, असं पुढे कुणीतरी म्हटलं. आणखी कुणी त्याचा संबंध शेतातल्या कापलेल्या धाटांशी जोडला. पण पानात तो पक्षी वाढल्याचा जुना पुरावा काही नाही. कार्डाच्या तळाशी प्राध्यापकांनी लिहिलं होतं, मूळ अज्ञात.

हशा झाला. मशीनवाला म्हणाला, तीनशे वर्षांपूर्वी तिकडे अख्खा पक्षी, आणि आपल्याला इतक्या वर्षांत कुणी साधं अंडं दिलं नाही. घडीच्या बायकांनी मालकाच्या घरी काय काय खायचं याची यादीच सुरू केली.

बाई हसल्या नाहीत. पट्टी हातात तशीच धरून त्यांनी मला विचारलं, "कागदाच्या खिडक्या कशाला?"

काच महाग असेल, मी म्हटलं. कागदाला तेल लावलं की त्यातून उजेड येतो.

"म्हणजे आधी उजेड, मग जेवण."

"हो, तसंच म्हणा."

"आणि लावायचं कोण? मालक?"

"नाही. कामगारच."

बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. आमच्या त्या लांब खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला सात खिडक्या होत्या. सातही बंद. कुठल्याशा जुन्या युद्धात बाहेर उजेड दिसू नये म्हणून काचांना काळा रंग फासला होता. युद्ध संपलं, रंग राहिला, कारण मालकांच्या वडिलांना वाटे की खिडक्या उघड्या असल्या की कामगार बाहेर बघत बसतात. पुढे त्यांच्यासमोर न खपलेल्या पुस्तकांची फडताळं आली. मी नोकरीला लागल्यापासून दिवसाढवळ्या दिव्याखाली वाचत होते आणि त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. एम. ए. होऊन.

"मग आपण कुणाची वाट बघतोय?" बाई म्हणाल्या.

बाकीच्यांना जेवण हवं होतं. बाईंना खिडक्या हव्या होत्या. उत्तरेचा स्वच्छ उजेड थेट केसवर पडला तर 'घ' आणि 'ध' परत वेगळे दिसतील, असा त्यांचा हिशोब. पण त्यांनी तो कुणाला सांगितला नाही, जेवणाच्याच गोष्टी केल्या. हुशार बाई. फोरमन मालकाकडे गेला. नेमके प्राध्यापक नवी कार्डं घेऊन आलेले होते. ते इतके हरखले की आपल्याकडे असं जेवण देणारे आपण पहिलेच मालक ठराल, असं त्यांनी मालकांना सांगून टाकलं. मालक चिक्कू नव्हते, आळशी होते. पहिलं होण्याची मात्र त्यांना हौस होती. खिडक्या तुम्ही सुट्टीच्या दिवशी साफ करा, दुपारी जेवायला माझ्या घरी या, ते म्हणाले. पक्षी मिळणार नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला आम्ही जमलो. फडताळं ओढून बाजूला केली, त्यांच्यामागून दोन मेलेली पाखरं आणि मालकांच्या वडिलांचा हरवलेला चष्मा निघाला. रॉकेलची फडकी आणि जुन्या पितळी पट्ट्या घेऊन एकेकाने एकेक खिडकी धरली. बाईंनी आपल्या केसजवळची तिसरी घेतली. त्या बोटांनी चाचपत खरवडत होत्या, आणि सगळ्यांत साफ काच त्यांचीच निघत होती, कारण बाकीचे दिसलं तेवढंच काढत होते.

त्याच काचेची बाहेरची बाजू फोरमन धूत होता. आतून रंगाचा शेवटचा तुकडा निघाला आणि दोघांची तोंडं समोरासमोर आली, मध्ये फक्त काच. सकाळचा उजेड बाईंच्या चेहऱ्यावर पडला होता. फोरमनचा हात थांबला. तो त्यांच्या डोळ्यांत बघत होता आणि बाईंना ते कळत नव्हतं. त्या तशाच फडकं फिरवत राहिल्या.

तो आत आला. बाईंच्या केसमधून मूठभर खिळे घेऊन खिडकीशी गेला आणि एकेक बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, तुला माहीत होतं. मी हो म्हटलं. किती दिवस, तर पाच महिने. सगळ्यांचे हात थांबले होते. ज्या उजेडासाठी बाईंनी एवढा घाट घातला त्याच उजेडाने त्यांना पकडून दिलं होतं.

बाईंनी फडकं पिळलं. "फोरमन, काय करायचं ते उद्या करा," त्या म्हणाल्या. "आज मला जेवायचं आहे."

आणि त्या जेवल्या. मालकांच्या घरी लांब टेबल मांडलं होतं, प्राध्यापकांनाही बोलावलं होतं, मालकीणबाई स्वतः वाढत होत्या, आणि बाईंनी गोडाची वाटी दोनदा मागून घेतली. फोरमन आणि मी पानात नुसती बोटं फिरवत बसलो होतो. मालक छापखान्याच्या नव्या युगाबद्दल चार शब्द बोलले आणि मग, खूश करावं म्हणून, बाईंना म्हणाले की मी बघून आलो, तिसरी काच सगळ्यांत स्वच्छ आहे, तुमचे डोळे अजून घारीचे आहेत.

फोरमनने पानातला हात काढून घेतला.

"नाहीत," फोरमन म्हणाला. "बाईंना मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. मी ओळखतो, कारण मलाही होता."

दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला म्हणून तो महिनाभर रजेवर गेला होता, ते लग्न म्हणजे खरं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन. परत आला तो जाड भिंगाचा चष्मा लावून, आणि वय झालं म्हणून नंबर वाढला असं त्याने सांगितलं. मशीनवाला म्हणाला, मी तेव्हाच म्हटलं होतं, महिनाभर कसलं लग्न. फोरमनने खाली मान घातली. घडीच्या टेबलाची भीती त्यालाही होती. इतरांना तिथे पाठवणारा तोच, तरी होती.

बाईंनी वाटी बाजूला सारली. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो.

"डोळ्यांवरची पट्टी सोडल्यावर सगळ्यांत आधी काय दिसलं?"

फोरमनने आठवून बघितलं. "नर्सच्या हातातलं घड्याळ. दहा मिनिटं मागे होतं. तिला सांगितलं मी."

बाई खळखळून हसल्या. शंभर वेळा डॉक्टरांची महती सांगून नणंदबाईंना आणि मला जे जमलं नव्हतं, ते त्या चुकीच्या घड्याळाने केलं, हे मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं. मग त्यांनी किती दिवस पट्टी, दुखतं का, मान हलवायची की नाही, हे सगळं काढून घेतलं, आणि सगळं विचारून झाल्यावर मालकांकडे वळल्या.

"माझी जागा?"

मालकांनी फोरमनकडे पाहिलं. पुस्तक थांबेल, फोरमन म्हणाला, नाहीतरी वीस वर्षं कार्डांवर थांबलंच होतं. बाईंची केस मी कापडाने झाकून ठेवतो, तिला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. प्राध्यापकांनी नाइलाजाने हो म्हटलं. मालकांनीही मान डोलावली.

"तोंडी नको," बाई म्हणाल्या. "एम्ये, लिहून घे. आणि सही व्हायच्या आधी नीट तपास."

मालकीणबाईंनी कागद आणून दिला. त्यावर मालकांनी सही केली. मी एक काना दुरुस्त केला.

त्यानंतर बाई आणखी नऊ वर्षं त्या छापखान्यात होत्या. दरवर्षी खिडक्या पुसल्या गेल्या, जेवणं झाली, एका वर्षी मशीनवाल्याने गाणं म्हटलं आणि ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही. ते सगळं सांगत बसले तर दुसरं पुस्तक होईल. मला फक्त त्या परत आल्या तो आठवडा सांगायचा आहे.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं पुढे व्हायचं होतं. नणंदबाई दवाखान्यात रोज जाऊन भांडत होत्या, म्हणजे सगळं ठीक होतं. दोन महिन्यांनी बाई आल्या त्या भलामोठा चष्मा लावून, आल्या तशा तिसऱ्या खिडकीशी गेल्या, केसवरचं कापड काढलं, आणि एकेक खण कागदावर पालथा करायला लागल्या. दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. हा इथला, हा तिथला, असं पुटपुटत खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाकत राहिल्या. मी मदतीला गेले तर हाकलून दिलं. मी डब्याच्या सुट्टीत निवडलेले खणही त्यांनी पुन्हा निवडले. फोरमन तेवढे दोन दिवस दुसरीकडे बघत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कार्डांचा गठ्ठा घेऊन सवयीप्रमाणे स्टुलावर जाऊन बसले. बाईंनी तो माझ्या हातातून घेतला, वरचं कार्ड खिडकीकडे धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"तू जा तुझ्या टेबलावर," त्या म्हणाल्या. "तुझं वाचन फार घाईचं. स्वल्पविराम ऐकूच येत नाहीत."

मी गेले. रागावूनच गेले. दुपारी त्यांचा छाप माझ्यापुढे आला. मी तो एकदा वाचला, मग फूटपट्टी लावून ओळीओळीने वाचला, मग डोळे धुऊन आले आणि तिसऱ्यांदा वाचला. चार चुका होत्या. त्यातल्या तीन प्राध्यापकांच्या.